लूथरच्या दगडासाठी रंगाची डबी

हेझल खिंड, व्हर्जिनिया

लाडक्या वर्डी,

थोरल्या बहिणीचा तुला आणि तुझ्या भांडखोर कोंबड्यांना आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि टेस नावाची मुलगी लिहिते आहे. सकाळपासून सायकलने घाट चढत होती. आमच्या कुत्र्यांनी तिला थेट ओसरीत आणून सोडलं. जेवता जेवता विचारते, "आजी, चढ अजून किती उरलाय?" म्हटलं, "उतार लागेपर्यंत, बाई." उद्या ती केंटकीत तुझ्याच दारावरून जाणार आहे. तीच तुला हे वाचून दाखवील.

मी ठणठणीत आहे. फक्त गुडघे रुसलेत, म्हणून यंदा कबरींना फुलं वाहायच्या रविवारी माहेरी येणं होणार नाही. कागदाची फुलं मेणात बुडवून टेसकडे दिली आहेत.

तुझ्या छातीत अजून दुखतं का? खरं सांग.

देवदाराखालचा तिसरा दगड माझ्या लूथरचा, हे आता आपल्या दोघींनाच ठाऊक आहे. फुलं वाहायला टेसलाही वर कबरींपाशी घेऊन जा. सोबत कुंपणाचा पांढरा रंग पाठवते आहे. दगडावर तिच्याकडून लिहून घे : लूथर, सहा दिवसांचा.

आपल्याला ते वाचता येणार नाही. पण आपल्याला वाचायची गरजच कुठे आहे?

तुझी,
ओफा