उशीर कुठून येतो

३ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा तेच. उशीर!

यशस्विनी मॅडमचा फोन सकाळी सातला. तिच्या नृत्यशाळेसाठी नऊ गाणी वाजवून द्यायची आहेत, चार पाठवली होती. चारही परत. "सर, रागावू नका. अनुषा पाय टाकते आणि सूर मागून येतो. थोडाच. पण येतो." अनुषा म्हणजे एच. डी. कोट्याहून बसने म्हैसूरला शिकायला येणारी मुलगी. बारा ऑक्टोबरला तिचा रंगप्रवेश, पहिला जाहीर नाच. बापाने अख्खं गाव बोलावलंय. पाच ऑक्टोबरच्या आत सगळं रेकॉर्डिंग हातात पाहिजे.

तीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला मी. लग्नं, गणपती, दसऱ्याचं प्रदर्शन. ढोलकीवाले माझ्या मागे धावायचे. आणि ही मला सांगते सूर मागून येतो!

दोष साउंड कार्डाचा, दुसरं काय असणार. पट्टी दाबली की आवाज कॉम्प्युटरात तयार होतो आणि ह्या डबीतून फिरून कानात येतो. डबी म्हातारी झाली. घरी बसून रेकॉर्डिंग करायचं तर नवीन ऑडिओ इंटरफेस घ्यायलाच हवा. ठरलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर व्हिडिओ. एक पोरगा म्हणतो दोन इनपुट पुरतात. दुसरा म्हणतो चार घ्या नाहीतर रडाल. तिसरा नुसताच डबा उघडतो आणि वाहवा करतो. कुठल्या इंटरफेसला किती मिलिसेकंद उशीर, ते कोष्टक वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. दहाच्या वर गेला की कानाला कळतो म्हणे. माझ्या कानाला पाचही कळतो.

६ सप्टेंबर, शनिवार

वादिराजला घेऊन दुकानात गेलो. हा मृदंग वाजवतो, शाळेपासूनचा सोबती, त्यामुळे बोलताना भीडभाड नाही. बिल होताना म्हणतो, "नागोजी, नाचता येईना अंगण वाकडं, तसं नाही ना?" दुकानदार हसला. मीही हसलो. हीच म्हण मी विद्यार्थ्यांना शंभर वेळा ऐकवली असेल.

दोन इनपुटवाला घेतला. हेडफोनचं बटण मोठं आहे, ते बरं. बारीक बटणं हल्ली चिमटीत येत नाहीत. कोण बनवतो असली!

वनजा खूश. "सोमवारपासून पक्ष लागतो, त्याच्या आत आणलंत, आयतु, झालं काम." बायकोला इंटरफेस म्हणजे काय ते माहीत नाही, मुहूर्त तेवढा माहीत.

९ सप्टेंबर, मंगळवार

उशीर आहे तसाच.

कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून ठेवतो, ते सेटिंग खाली खाली आणत गेलो. दोनशे छप्पन, एकशे अठ्ठावीस, चौसष्ट. बत्तीसला तर आवाज फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायला लागला. मग इंटरफेसचं बाहेर जाणारं तोंड त्याच्याच आत येणाऱ्या तोंडाला वायरीने जोडलं आणि उशीर मोजला. पाच मिलिसेकंद. फक्त पाच! डबी निर्दोष.

मग बाकीचा उशीर कुठून येतो?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज स्क्रीनवर नीट बघितलं. वाजवलेला प्रत्येक सूर तिथे छोट्या विटेसारखा दिसतो, आणि मात्रेच्या उभ्या रेषा असतात. खालचे सूर, डाव्या हाताचे, रेषेवर. एकूण एक. वरचे सूर, उजव्या हाताचे, रेषा ओलांडून पुढे सरकलेले, म्हणजे उशिरा आलेले. कुठे कमी, कुठे जास्त. आणि सगळे पुसट, जोर नसलेले.

दोन्ही हात एकाच कीबोर्डावर. एकाच वायरीतून.

जेवायला गेलो नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

सापडलं! कीबोर्ड. तेरा वर्षं जुना. वरच्या दोन सप्तकांखालचे सेन्सर झिजलेत, कारण गाणं सगळं तिथेच वाजतं. सरळ गोष्ट आहे. नवीन मिडी कीबोर्ड घ्यायचा. कालचा दिवस उगीच वाया गेला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

एकटाच गेलो दुकानात. वादिराजला कळवलं नाही.

अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा होता समोर. पियानोसारख्या जड पट्ट्या. कधीपासूनची हौस! बसलो. अनुषाच्या शेवटच्या नाचाचा तिल्लाना घेतला, त्याची तिसरी ओळ येईपर्यंत उजवी बोटं चिखलात चालल्यासारखी झाली. विकणारा मुलगा बघत होता. मी म्हटलं, "बेडा, नको. खोलीत मावणार नाही." मग एकोणपन्नासवाला, पट्ट्या बारीक, करंगळी दोन पट्ट्यांवर एकदम पडते. शेवटी एकसष्टवाला, हलक्या पट्ट्यांचा. फुंकर मारली तरी वाजेल असा. असल्या कीबोर्डाला मी आयुष्यभर खेळणं म्हणत आलो.

घरी आणला तर वनजा दारात. "पक्षात नवीन वस्तू? पितर काय म्हणतील?" मी म्हटलं, पितरांना पाच तारखेला गाणी द्यायची नाहीत, मला द्यायची आहेत. उपयोग नाही. खोका व्हरांड्यात, चपलांच्या शेजारी. सोमवारी नवरात्र बसलं की उघडायचा.

सहा दिवस! माझा जीव टांगणीला आणि हिला पितरांची पडली आहे. आतून वाटतं, बरं झालं. खोका बंद आहे तोवर दोष कीबोर्डाचाच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शर्टाचं वरचं बटण. चार मिनिटं लागली. शिंप्याने काज लहान ठेवलंय.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. अकराला वनजाने खोक्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "आता उघडा."

जोडला. वाजवला. स्क्रीन बघितली. डाव्या हाताच्या विटा रेषेवर. उजव्या हाताच्या पुढे.

म्हटलं, नवीन आहे, सेटिंग राहिलं असेल. मग एक केलं. हातांची अदलाबदल केली. डावा हात वरच्या पट्ट्यांवर नेला, उजवा खाली आणला. तेच गाणं, हळू. वरचे सूर आता रेषेवर. खालचे सरकलेले.

परत केलं. पाच वेळा केलं. सहाव्यांदा करताना उजवा हात मांडीवर ठेवला तर अंगठा आपला आपण हलत होता. मी हलवत नव्हतो. डाव्या हाताने धरला. सोडला की परत सुरू.

स्वयंपाकघरातून वनजा म्हणाली, "छान वाजतोय हो नवीन."

मला भीती वाटते. एवढंच लिहिता येतं. फार भीती वाटते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कुणाला सांगायचं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ह्या यंत्रात लबाडीची सोय आहे. सूर वाजवून झाला की त्याला धरून रेषेवर बसवता येतो. एक बटण दाबलं की सगळे एकदम रांगेत उभे. पुसट सुराचा जोरही वाढवता येतो. तीस वर्षं मी असल्या लोकांना शिव्या घातल्या. काल आणि आज मिळून सहा गाणी रांगेत उभी केली.

यशस्विनी मॅडमचा संध्याकाळी फोन. "सर, आता कसं घट्ट बसलंय! अनुषाचे पाय एकदम बरोबर पडतात. नवीन मशीन खरंच चांगलं आहे." आयुष्यात इतकी वाईट वाहवा ऐकली नव्हती. मी म्हटलं, हो, मशीन चांगलं आहे.

वादिराजलाही पाठवली होती. त्याला त्यावर मृदंग वाजवायचाय. त्याने एकच वाक्य पाठवलं. "हे तू वाजवलेलं नाहीस."

फोन पालथा ठेवला.

२७ सप्टेंबर, शनिवार

वनजाला सांगितलं वायर आणायला जातो. गेलो डॉक्टर नरसिंहमूर्तींकडे, मेंदूचे डॉक्टर.

मोठं मशीन नाही, काही नाही. म्हणाले, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटा, भराभर. डाव्या हाताची चुटकीसारखी चालली. उजव्याची चार वेळा चालली आणि लहान लहान होत थांबली. मग बोळातून चालून दाखवायला लावलं. "चालताना तुमचा उजवा हात हलत नाही, माहीत आहे?" मला काय माहीत! स्वतःला चालताना कोण बघतं? मग विचारलं, वास येतो का. म्हटलं सर्दी असते. मग आठवलं, वनजा सारात हिंग घालते की नाही, मला दोन वर्षं कळत नाही.

कंपवात. इंग्रजी नाव त्यांनी कागदावर लिहिलं. कंपवात म्हणजे मान हलणारे म्हातारे. माझी मान हलत नाही. मी चौपन्न वर्षांचा आहे.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

विचारलं, वाजवता येईल? म्हणाले, गोळ्यांनी बरंच सुधारतं, काहींचं पुष्कळ. "तुमचं किती, ते तुमचा हात सांगेल. घाई करू नका. पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या."

गोळ्या इंटरफेसच्या रिकाम्या खोक्यात ठेवल्या, थर्माकोलच्या खाली. वायर आणायची राहिली. वनजाने विचारलंही नाही.

बोटं गेली तर नागोजीराव म्हणजे कोण? मला दुसरं काही येत नाही. सायकलचं पंक्चरही काढता येत नाही. मरण आलेलं परवडलं असतं, निदान त्याला सराव लागत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज सरस्वती बसली. वनजाने पाट मांडला. पुस्तकं, माझी जुनी हार्मोनियम, नवीन कीबोर्ड, इंटरफेससुद्धा. सगळ्यांना गंध, अक्षता, झेंडूचं फूल. आता विजयादशमीपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

"तुमचं काम अडलं का?" म्हणाली. सहा गाणी झाली होती, तीन राहिलीत. मी तोंड वाकडं करून म्हटलं, अडलं, पण काय करणार, देवीचं आहे.

खोलीत येऊन दार लावून रडलो. सुटल्यासारखं वाटलं. तीन दिवस मला कुणी वाजवा म्हणणार नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, त्यांची तलवार पाटावर मी ठेवायची असते. डाव्या हाताने ठेवली. वनजाने तिची मूठ सरळ करून कुंकू लावलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विजयादशमी. अख्खं म्हैसूर हत्ती बघायला गेलंय. वनजाने सरस्वती हलवली आणि म्हणाली, "वाजवा आता. आज वाजवलंच पाहिजे, नाहीतर वर्षभर विद्या रुसते." तेवढ्यात वादिराज मृदंग घेऊन हजर. हिनेच बोलावलं होतं, हे मागून कळलं.

पळायला जागा नव्हती. बसलो. तिल्लाना घेतला. पहिलं आवर्तन ठीक गेलं, गोळ्यांचा पाचवा दिवस, मनात म्हटलं जमतंय. दुसऱ्यात हात मागे पडायला लागला. मी वाट बघत होतो, आता समेवर वादिराज पुढे निघून जाणार आणि माझी अब्रू जाणार.

गेला नाही. तो हळू झाला. माझा हात जिथे पोचला तिथे त्याने सम दिली.

तीस वर्षांत ह्या माणसाने माझ्यासाठी लय सोडलेली नाही. लग्नात नवरदेव पडला तेव्हाही सोडली नव्हती. मी पट्ट्यांवर मूठ आपटली. "लय का सोडलीस?"

"मी कुठे सोडली? तू चाललास तसा चाललो."

मग मी काय काय बोललो ते लिहवत नाही. दया नको म्हणालो. माझ्या घरातून चालता हो म्हणालो, दसऱ्याच्या दिवशी, सणाचं जेवण व्हायच्या आधी. तो मृदंगाला खोळ घालून गेला. वनजा कीबोर्डासमोर बसून पट्ट्यांच्या फटीतल्या अक्षता पिनेने काढत राहिली. वर बघितलं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सांगायचं. जेवणानंतर. नको, आधी.

५ ऑक्टोबर, रविवार

मी वनजा. सकाळी यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, हात ऐकत नाही, आजपासून मी सांगतो, तू लिही. माझी शाळा कन्नडची, ही अक्षरं हिंदीच्या परीक्षेला लिहिली तीच, चुकलं तर चुकलं. ते अजून सांगायला लागले नाहीत, खिडकीकडे बघत सुम्ने, उगीच बसलेत. म्हणून माझंच एक लिहून घेते. मला यांच्या हाताचं माघ महिन्यापासून माहीत होतं. तेव्हापासून यांच्या कॉफीचा लोटा मी अर्धाच भरायची आणि दोनदा द्यायची. सांडू नये, अष्टे, एवढंच. आज पूर्ण भरून दिला. थोडी सांडली. पुसून घेतली.