घरपोच पेशंट

१ फेब्रुवारी, सकाळ
डाएटिशियनच्या इंटर्नशिपला यंदा माझी निवड पक्की. मागे दोनदा नकार आला, पण दोन्ही वेळा कमिटीची तयारी कमी पडली. वयाच्या नियमाप्रमाणे ही शेवटची संधी. त्यांना. आजपासून कसून अभ्यास.

त्याच दिवशी, संध्याकाळ
टेबल आवरलं. तोही अभ्यासच.

५ फेब्रुवारी
अर्जाला एका पेशंटची केस स्टडी हवी आणि हॉस्पिटलच्या हेड डाएटिशियन मॅडमचं शिफारसपत्र. पत्राची काळजी नाही. त्यांच्या किचनमध्ये मी परत आलेल्या ट्रेमधल्या उष्ट्याचं वजन करतो, फुकट. काल मला म्हणाल्या, जरा बाजूला हो. एवढ्या आपुलकीने त्या कुणाशीच बोलत नाहीत.

९ फेब्रुवारी
पेशंट मिळाला! बाबा. जुना डायबेटिस, तोही घरपोच. ताई म्हणाली, आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार. डॉक्टरांना आहारातलं काय डोंबल कळतं? भात, ब्रेड, बटाटा, सगळं बंद. रंगीत चार्ट काढून फ्रिजवर लावला.

१४ फेब्रुवारी
बाबा निमूटपणे काकडी खातात. आईने तोंड फुगवलंय. बाबांनी तिला समजावलं की पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे, वेळ पडली तर गवतही खाईन. शुगर भराभर उतरतेय. काय ग्राफ आलाय! मी बिस्किटांचा पुडा संपवला. निरीक्षणाला ताकद लागते. अभ्यास उद्यापासून.

१७ फेब्रुवारी
बाबांना दरदरून घाम. हात थरथरतात. शरीर शुद्ध होत असणार. केस स्टडीत लिहिलं.

१८ फेब्रुवारी
बाबा बाथरूमच्या दारात कोसळले. शुगर पार तळाला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, डायबेटिसच्या गोळ्या चालू होत्या का. होत्याच की, पूर्ण डोस. माझ्या चार्टमध्ये गोळ्यांचा रकानाच नव्हता. खाणं कमी केलं तर गोळ्याही कमी कराव्या लागतात. हे म्हणे पहिल्याच धड्यात आहे. ताई माझ्याशी बोलत नाही. मी फार घाबरलोय.

१९ फेब्रुवारी
बाबा वाचले. दुपारी राउंडला हेड मॅडम आल्या. फाइल बघून भडकल्या. विचारलं, या गोळ्यांवर उपाशी राहायला कोणत्या शहाण्याने सांगितलं? मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो. बाबा उशीवरून जरा उठले आणि कौतुकाने म्हणाले, की आमच्या चिरंजीवांनी, तो डाएटिशियन होणार आहे, तेवढं त्याच्या पत्राचं बघा.

मॅडमनी फाइल मिटली. अर्जाची मुदत उद्या संपते. बाबा मला खुणेने सांगत होते, पुढे हो, बोल त्यांच्याशी.