कैलासचंद शेठच्या जिनची खरखर

६ डिसेंबर १९४३, अनसिंग

आज पुन्हा तेच! साडेसहाला रेडिओवर सिंगापूर लागलं, युद्धकैद्यांची यादी सुरू झाली, आणि कैलासचंद शेठच्या कापसाच्या जिनमध्ये दिव्यांसाठी डायनामो सुरू झाला — खर्रर्र! दहा-बारा नावांतली दोन ऐकू आली. दोन्ही पंजाबातली.

शेजारच्या तुळसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा इंद्रभान पलटणीत गेला, मलायात हरवला. पावणेदोन वर्षं पत्र नाही. उठताना म्हणाल्या, "तारमास्तर, त्या खरखरीतच असंन त्याचं नाव."

८ डिसेंबर

शेठकडे गेलो. सायंकाळी अर्धा तास डायनामो बंद ठेवा म्हटलं. "तुमच्या गान्यापायी जिन अंधारात चालवू का?" गाणं! चहा न घेता उठून आलो.

९ डिसेंबर

चहा घ्यायला हवा होता. त्यांच्याकडे साखर होती.

१२ डिसेंबर

जुन्या मासिकात उपाय सापडला. लढाई लागली तेव्हा सरकारनं माझं हौशी रेडिओचं लायसन नेलं, ट्रान्समीटर नेला. मासिकं कोणालाच नको होती.

दोष घरात येणाऱ्या एकेरी तारेचा आहे. ती जिनच्या भिंतीलगत येते, सगळा कचरा तीच गोळा करते. तर एरियल मळ्याच्या बाजूला न्यायची, तिच्या पायथ्याशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा, तिथून दोन तारा एकमेकींना पिळून घरात आणायच्या. कचरा दोन्हींत सारखाच शिरतो आणि सेटजवळच्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकाला मारून टाकतो. नाव तेवढं उरतं. कागदावर तरी.

१९ डिसेंबर

बांबूच्या नळीवर गुंडाळ्या केल्या. ऐंशी फूट तारेला पीळ घालायला लेकीला बसवलं. पंचफुलाला दोन पापड सारखे लाटता येत नाहीत — आणि इथे इंचाला एक पीळ, एकही सैल नाही! पोरीला विज्ञानाची गोडी लागली. उशिरा का होईना.

शेलूबाजारचे पाहुणे संक्रांतीनंतर तिच्या लग्नाची सुपारी फोडायला येणार. तिला सांगितलं, तर म्हणते, "आदी हे होऊ द्या, बाबा." बरोबर आहे. एका वेळी एकच काम.

२ जानेवारी १९४४

जोडलं. खरखर गेली!

स्टेशनही गेलं.

३ जानेवारी

तारेच्या एका टोकाचं इनॅमल खरवडायचं राहिलं होतं. पंचफुलानं शोधलं. मी वीस वर्षं तारखात्यात काढली! लाज वाटली.

४ जानेवारी

डायनामो चालू, सेट चालू. पंधरा नावं — पंधराच्या पंधरा स्वच्छ! मी मांडीवर थाप मारली. मग लक्षात आलं, इंद्रभान त्यात नाही.

तुळसाबाई म्हणाल्या, "पयले खरखरीत तरी होतं, मास्तर. आता कुठं शोधू?"

११ जानेवारी

आठवडा झाला. नाव नाही. तुळसाबाई येत नाहीत. पंचफुला रोज बसते, यादी संपली की चुलीकडे जाते. मी असला उपद्व्याप कशाला केला?

१३ जानेवारी

आज पंचफुला जाऊन तुळसाबाईंना हाताला धरून घेऊन आली. सातवं नाव — "इंद्रभान, वल्द जानराव, अनसिंग, ज़िला अकोला. राज़ी-ख़ुशी है."

जिवंत आहे! तुळसाबाईंनी सेटलाच हात जोडले. मीही रडलो. पुढे निरोप होता. तो उद्या लिहीन.

१४ जानेवारी

निरोप असा — "माँ को राम-राम. तारमास्तर की पंचफुला से कहना, मेरे लिए ठहरे."

तुळसाबाई म्हणाल्या, "मले तं कवाचं ठाव होतं. तुमाले कायले ठाव नोतं?" पंचफुला वर पाहीना. ऐकण्यात चूक झाली म्हणावं, तर खरखर अजिबात नव्हती.

शेलूबाजारला नकाराचं पत्र टाकलं.