शेजारचा विस्तव

वडनेर, शनिवार, १८ डिसेंबर १९५४

आज संध्याकाळी काडेपेटी संपली आणि दुकान बंद. एवढीशी गोष्ट, पण अजून डोक्यातून जात नाही.

शाळेत नोकरी लागून इथं आले तेव्हा शेजारच्या गंगाबाई म्हणाल्या होत्या, "काई लागलं तं सांगजा." सगळी आळीच तसं म्हणाली होती. मी कधी काही मागितलं नाही. कुणाला कशाला त्रास? आणि रोज दिवेलागणीला, माणसांनी भरलेल्या आळीत, एकटी बसून रडायचे.

आज नाइलाजानं खापर घेऊन गंगाबाईंकडे विस्तव मागायला गेले. त्या बघतच राहिल्या. "इतले दिवस काऊन नाई आल्या, बाई? आमाले वाटलं, तुमाले आमच्या घरचा इस्तो चालत नाई."

चालत नाही? मला? मी खापर पुढं केलं.

त्यांनी चुलीतला लाल निखारा खापरावर ठेवला. तोसुद्धा त्यांच्या घरचा नव्हता. सकाळी त्यांनी विस्तव समोरच्या शेवंताकडून आणलेला, शेवंतानं कोपऱ्यावरच्या घरातून. म्हणजे माझा भात आज तीन घरांच्या विस्तवावर शिजला! केवढं हे! आणि मी काडेपेटी जपत बसले होते.

निघताना त्या म्हणाल्या, "राखेत झाकून ठेवजा, इझू देऊ नका. सकाळी मी तुमच्याकडूनच नेईन."

माझ्याकडून.

जेवण झाल्यावर निखारा राखेखाली झाकला. तरी दोनदा उठून, राख सारून, फुंकर मारून पाहिला. आहे, जिवंत आहे. सकाळी कुणीतरी माझ्या दारात मागायला येणार आहे.