डॉक्टरांचा नमस्कार

हुपरी, सोमवार, १२ ऑगस्ट १९७४

डोळे तपासायचे सांगून आज एकटीच एसटीनं कोल्हापूरला गेले. मनाच्या डॉक्टरांकडे. तिथं तरी मला कुणी ओळखणार नाही, असं वाटलं होतं.

माझी लेक शकू जाऊन वर्ष होत आलं, तरी दुपारी तिचे पैंजण वाजतात. या घरात दिवसभर पैंजणच घडतात. मग तिचेच मला वेगळे कसे ऐकू येतात? एवढंच विचारायचं होतं.

मी तोंड उघडायच्या आधीच केसपेपरवरचं गाव वाचून डॉक्टर म्हणाले, "हुपरीच्या व्हय? कुणाच्यातल्या?" सांगितलं. न सांगून कसं चालेल? "आमच्या नातीचे पैंजण तुमच्या सासऱ्यांनीच केल्यात की!" केवढे खूश झाले. माणूस वाईट नव्हता. पण मग पुढं काय बोलणार? डोकं दुखतं, एवढंच सांगितलं मी. गोळ्या दिल्या. निघताना म्हणाले, "सासऱ्यांना नमस्कार सांगा हं."

संध्याकाळी मामंजी घुंगरं जोडत बसले होते. "डोळ्यांचं काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. चांगले आहेत म्हटलं. नमस्कार कसा सांगू? तो माझ्यापाशीच राहिला.

मामंजींनी तयार झालेला पैंजण हलवून बघितला, आणि मी दाराकडं बघितलं.