शिवेवरचं खाजं

बाबा, काल तुमच्या वाटेने सायकलवरून वेंगुर्ल्यापर्यंत गेलो आणि अजून माझा राग उतरलेला नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. पण हा राग दुसऱ्या कोणापुढे काढावा असं माणूस सुचेना, म्हणून लिहायला बसलोय. पुण्या-कोल्हापूरकडची अकरा माणसं मालवणातून किनाऱ्याने एका दिवसाची सायकल सफर करायला आली होती. त्यांना वाट दाखवायला इथला माणूस हवा होता. ताई वेंगुर्ल्यात, तिच्याकडे आठ-पंधरा दिवसांनी मोटरसायकलने जातो, रस्ता पाठ आहे. म्हणून मलाच पुढे घातलं. मी येतानाच बाजारातून खाजं घेतलं होतं. शिवेवरच्या तुमच्या राखणदाराला, त्या दगडातल्या देवाला ठेवायचं, एवढंच मनात होतं. बाकी सफरीशी मला काही देणंघेणं नव्हतं.

त्यांनी मला दिलेल्या सायकलीला गिअर सतरा, पण कॅरिअर नाही आणि स्टँडही नाही. उतरलं की ती कशाला तरी टेकवून ठेवायची. म्हणजे उतरण्यासाठी ती केलेलीच नाही, हे मला तारकर्लीच्या पुढे गेल्यावर कळलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि दोन्हीकडे हॉटेलांच्या पाट्या. समुद्र दिसतो तो दोन भिंतींच्या फटीतून. देवबागेला सायकली होडीत चढवल्या, तेव्हा होडीवाल्याने माझ्या हेल्मेटकडे बघून विचारलं, "काका, नारळ पडतीत म्हणान ह्यां टोपडां घातलास?" सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर दिवसभरात हसल्याचं आठवत नाही. सफरीच्या पुढाऱ्याकडे थांबण्याच्या जागांची यादी होती. इथे फोटो, तिथे सोलकढी. माणूस वाईट नव्हता, पण त्या यादीत देव एकही नव्हता.

तुमची यादी वेगळी होती. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तुम्ही खाज्याचा पत्र्याचा डबा कॅरिअरला बांधता आणि गावोगाव विकायला निघता. आलं-गुळाचा वास सायकलीच्या मागे मागे येतो. प्रत्येक गावाची शीव आली की तुम्ही उतरता, वहाणा काढता, राखणदाराच्या दगडावर खाज्याचा एक तुकडा ठेवता आणि हात जोडून गाऱ्हाणं घालता: "बा राखणदारा म्हाराजा, मी अमक्याचो झील, तमक्या गावचो. तुझ्या शिवेत पाय ठेवतंय. येताना-जाताना सांभाळ." मग सायकल हातात धरून पुढच्या वळणापर्यंत चालत जाता. मी बारा वर्षांचा असताना एकदा त्या सुरंगीच्या झाडाखालच्या दगडापुढून तशीच सायकल दामटली होती, तुमच्या पुढे जाऊन. तुम्ही ओरडला नाहीत. मी थांबेपर्यंत वाट बघितलीत आणि म्हणालात, "वाट तुझ्या बापाशीची नाय. फिर मागे." मला उन्हात परत चालवत नेलंत आणि सगळं गाऱ्हाणं माझ्या तोंडून घालून घेतलंत. आपण कोण, खंयचे, हे आधी खरं सांगायचं. त्याशिवाय तो ऐकत नाही, असं तुम्ही सांगितलंत.

काल त्याच सुरंगीपाशी मी उतरलो, तर तिथे चिऱ्याची उंच भिंत आणि लोखंडी गेट. आत रिसॉर्टचा निळ्या पाण्याचा पोहायचा तलाव, समुद्रापासून दोनशे पावलांवर. गावाचं नाव लिहीत नाही, हल्ली कुठलंही घाला. सुरंगीचा शेंडा भिंतीवरून दिसत होता, म्हणजे दगड आत. ज्याला विचारल्याशिवाय गावात पाऊल टाकायचं नाही, त्याला भेटायला मला गेटवर विचारावं लागत होतं. पाहुण्यांशिवाय प्रवेश नाही, अशी पाटी. गुरखा बाहेरचा असता तर एवढं लागलं नसतं, पण तो गावातलाच, पन्नाशीचा, माझ्याच वयाचा. सायबांका विचारूक व्हया म्हणाला. मी आवाज चढवला. राखणदार कोणाच्या मालकीचा असतो काय, गावाने हे कसं चालवून घेतलं, तुम्हाला लाज कशी वाटली नाही, असं बरंच बोललो. मागे सफरीचा पुढारी घड्याळ बघत होता. काका, वेंगुर्ल्याला जेवण सांगितलंय, म्हणाला. मी त्यालाही झापलं.

गुरख्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "भाऊ, भिंत घालून चार वर्सां झाली. आमी दोघे-तिघेच भांडलंव. तेव्हा तुमी खंय होतास?"

मी म्हटलं, "मुंबईक होतंय."

त्याचा चेहरा लगेच सैल झाला. चाकरमान्याक परत कसो धाडू, म्हणाला, आणि साहेबाला न विचारता त्याने छोटं दार उघडलं. त्यासाठी त्याला नंतर काय ऐकावं लागलं असेल, देव जाणे. दगड होता तिथेच होता. कोणीतरी त्याला गुळगुळीत तैलरंग दिलाय आणि भोवती पांढरे गोटे मांडलेत, कुंडीभोवती मांडतात तसे. मी वहाणा काढल्या, खाजं ठेवलं, हात जोडले. मी अमक्याचो झील, इथपर्यंत आलो, आणि खंयचो म्हणायची वेळ आली तेव्हा गेटवरचा तो माणूस ऐकत उभा होता. गाऱ्हाणं तिथेच सोडलं. तसाच वळलो.

बाबा, मी मुंबईत कधी राहिलो नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. ती भिंत उठताना मी पाहिली आहे. ताईकडे जाता-येता दर खेपेला ती हातभर वाढलेली दिसायची. एकदा चिऱ्यांचा ट्रक रस्त्यात आडवा होता, तेव्हा मी जोरजोरात हॉर्नही वाजवला होता, मला उशीर होत होता म्हणून. आत काय जातंय ते बघायला मी उतरलो नाही. तुम्ही गेल्यापासून कुठल्याच शिवेवर उतरलो नव्हतो.

हा कागद तुमच्या खाज्याच्या डब्यात ठेवतोय. गाऱ्हाणं अर्धंच राहिलंय. ते पुरं करायला परत त्याच गेटवर जायला हवं, आणि आधी त्या गुरख्याला खरं सांगायला हवं. काल येताना दुसऱ्या रस्त्याने आलो.