हातमागाचं रिकामं बाक

२ ऑगस्ट
दिवसभर पाहुणे फिरवले, घसा बसला. पाद्री एझ्रांनी आपलं खेचर विकून केंटकीच्या या डोंगरात, तंबाखूच्या कोठारात विद्यापीठ कसं सुरू केलं, ते सांगताना आज खेचराचं नावही सांगितलं. बार्नबी. नाव मीच ठेवलं. एका बाईंनी डोळे पुसले.

चढावरून पालकांना आणणारी छोटी गाडी होबर्ट चालवतो. म्हणाला, "व्हर्डी, तुझं खेचर दरवर्षी वाढतंय. पुढल्या साली बायबल वाचेल." नवरा खाणीतून निवृत्त झाला, त्याची जीभ नाही झाली.

५ ऑगस्ट
फी नाही म्हटलं की आईबापांना वाटतं, काहीतरी काळंबेरं आहे. एकाने विचारलं, "मग पोरांना लष्करात धाडता का?" म्हटलं, नाही हो, गोठ्यात धाडतो! इथे वयाची अट नाही, पण प्रत्येक विद्यार्थी काम करतो – गोठा, बेकरी, झाडू बांधणं. शिकायला शेती आहे, नर्सिंग आहे, सुतारकाम आहे. आणि हातमाग. हातमाग म्हणताना माझा आवाज उगाच चढला. यंदा त्याला एकही नाव आलेलं नाही.

६ ऑगस्ट
हातमाग शिकवणारी ऑटी दिवसभर माग पुसत बसली.

९ ऑगस्ट
कुलगुरूंना भेटले. भला माणूस, पण नियम एझ्रांचा. बाकावर एक जरी विद्यार्थी असला तरी विषय बंद करायचा नाही. बाक रिकामं राहिलं, तर दाराला कुलूप. पाहुण्यांना मी नेहमी पहिला अर्धाच नियम सांगत आले.

ऑटी तिथे शिकवते म्हणून नाही, ती माझी लहानपणापासूनची मैत्रीण म्हणून पोटात तुटतं. वर तीच मला समजावते – "अगं, माग गेला तर टोमॅटो लावीन. रडू नकोस, तुझं नाक लाल होतं."

१४ ऑगस्ट
एक मुलगी सापडली! लुइव्हिलची, निळ्या केसांची. मागावर हात फिरवून म्हणाली, "हे सगळं हातानं?" आम्ही दोघींनी तिला सफरचंदाचा थरांचा केक आग्रह करकरून वाढला.

जेवताना होबर्टला सांगितलं. मक्याचा पाव घेवड्याच्या रश्शात कुस्करत म्हणाला, "केकसाठी थांबली असेल." मी ताट उचललं आणि ओसरीवर जाऊन जेवले.

१७ ऑगस्ट
निळ्या केसांची नर्सिंगला गेली. होबर्टला सांगितलं, तर तो उठून ओसरीवर गेला. टोमणा परवडला असता.

ओसरीवर आपलेच हात न्याहाळत बसला होता. शाळा संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बापाने त्याला खाणीत उतरवलं, तेव्हापासूनचे हात. विचारलं, काय बघतोस? म्हणाला, "नखं."

२१ ऑगस्ट
घंटेखाली नव्या विद्यार्थ्यांची नावं वाचली. नाव आलं की पायरीवर चढून आपला विषय मोठ्याने सांगायचा, ही इथली रीत. शेवटचं नाव – होबर्ट टॅकेट. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून पाडलेला भांग. "हातमाग," म्हणाला, आणि खोकला. ऑटी माझ्या गळ्यात पडून रडली, मी तिच्या.

त्याला नेमून दिलेलं काम – भोजनगृहात भांडी घासणं. घरात या माणसाने आजवर एक बशी विसळलेली नाही! उद्या पाहुण्यांना आधी तिकडेच नेणार.